भाता किती वेळात बसतो, ते आधी मोजा

पत्र असं आहे:

"आमचं देऊळ (चर्च) घाटमाथ्यावरच्या जुन्या छावणीच्या गावात आहे. दगडी भिंती, लाकडी छत, 300 माणसं बसतात. वेदीच्या उजव्या बाजूला इंग्रजांच्या काळात विलायतेहून आलेला पाइप ऑर्गन आहे. दोन कीबोर्ड, पायाखालच्या पट्ट्या आणि 9 खुंट्या. गेली 14 वर्षं तो बंद आहे. मोटर लावली की घरघर होते, सूर दमेकऱ्यासारखे येतात आणि दोन सूर थांबतच नाहीत. सकाळची मराठी उपासना पेटी-तबल्यावर होते, संध्याकाळची इंग्रजी एका साध्या कीबोर्डवर. मंडळीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी यजमानांच्या स्मरणार्थ मोठी देणगी देऊ केली आहे. एक विक्रेता तीन कीबोर्डचा डिजिटल ऑर्गन देतो म्हणतो आणि जुना 'एक्स्चेंज'मध्ये उचलून नेतो म्हणतो. नमुना म्हणून दोन पाइप तो घेऊनही गेला. पंचांमध्ये दोन तट पडलेत. वाजवणारी एकच मुलगी आहे, 17 वर्षांची. पाळकसाहेबांच्या खोलीत मिशनच्या काळातला एक पायऑर्गनही धूळ खात पडलाय. काय करावं?"
— मंडळीचा चिटणीस

चिटणीससाहेब, सप्रेम सलाम.

विक्रेत्याला अजून होकार कळवला नसेल तर कळवू नका. तुमच्या पत्रात जी तीन दुखणी आहेत (घरघर, दमेकरी सूर, न थांबणारे दोन सूर), त्यांतलं एकही ऑर्गन संपल्याचं लक्षण नाही. तिन्ही दुखणी वाऱ्याची आणि झडपांची आहेत, आणि ती पंचांपैकी कुणीही दोघं एका दुपारी बॅटरीच्या उजेडात तपासू शकतात. डिजिटल की पाइप हा वाद त्यानंतर करा. आज तो वाद म्हणजे रोग्याची नाडी न बघता तेराव्याची यादी करण्यासारखं आहे.

पेटी ज्याला कळते त्याला पाइप ऑर्गन कळायला वेळ लागत नाही. पेटीत भाता, हवेचा साठा, पट्टीखालची झडप आणि सूर असतो, तेच सगळं इथेही आहे. फरक इतकाच की पितळी सुराऐवजी हवा पाइपात जाते, भात्याला हाताऐवजी मोटरचा पंखा हवा पुरवतो, आणि खुंटी ओढली की त्या जातीच्या पाइपांच्या बुडाखालची भोकं असलेली लाकडी सरकपट्टी सरकून रस्ता मोकळा होतो. झडप आणि सरकपट्टी दोन्ही उघड्या असल्या तरच पाइप बोलतो. हे एवढं लक्षात ठेवा, पुढची सगळी तपासणी त्यावरच आहे.

सुरुवात मोटरपासून. पंखा थ्री-फेजवर असेल तर तो कुठल्या दिशेने फिरतो ते बघा. डब्यावर बहुधा बाण असतो. नसेल तर ज्या गोल कवचात पंखा बसवलाय त्याच्या वळणावरून कळतं. मोटर बंद केल्यावर आस थांबत येताना दिशा डोळ्यांना स्पष्ट दिसते. 14 वर्षांत देवळाची वायरिंग नव्याने झाली असेल आणि वायरमनने दोन फेज अदलाबदल जोडले असतील, तर पंखा उलटा फिरतो. गंमत अशी की उलटा फिरला तरी वारा त्याच बाजूने बाहेर येतो, फक्त दाब पडतो. म्हणून कुणाला संशय येत नाही, आणि दोष भात्यावर जातो. कुठल्याही दोन फेजच्या तारा बदलल्या की काम झालं, पण ते वायरमनकडूनच करून घ्या. घरघर बहुतेक वेळा सुकलेल्या बेअरिंगची असते. बेअरिंग कुठल्याही मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे बदलून मिळतं.

मग भाता. समोरची किंवा बाजूची फळी काढा. आत टेबलाएवढा आडवा भाता दिसेल, त्यावर लोखंडाची वजनं किंवा विटा ठेवलेल्या असतील. त्या कुणीतरी आत विसरून गेलेल्या विटा नव्हेत. त्यांच्या वजनावरच वाऱ्याचा दाब ठरतो, तेव्हा एकही उचलू नका आणि नवी ठेवूही नका. मोटर लावा. भाता पूर्ण वर येतो का? त्याच्या वरच्या पाटाला बांधलेली एक दोरी पंख्याकडून येणाऱ्या हवेचा पडदा उघडझाप करते. ती तुटली असेल तर हवा नीट आत येत नाही किंवा भाता वाजवीपेक्षा फुगतो. आता कुठलीही पट्टी न दाबता मोटर बंद करा आणि घड्याळ बघा. धड भाता सावकाश, आब राखून खाली येतो. दोन-चार सेकंदांत धपकन बसला तर कातडं फाटलंय किंवा हवेच्या चौकोनी लाकडी नळाचा सांधा सुटलाय. सांध्यांजवळून ओला हात फिरवा, गळती लगेच कळते. भात्याच्या घडीवर बोट घासा. बोटाला तपकिरी भुकटी लागली तर कातडं कुजलं, ते बदलावं लागणार. भुकटी नाही आणि कातडं मऊ असेल तर जिथे फाटलंय तिथेच ठिगळ पुरतं.

दाब मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी मीटरभर घ्या, यू आकारात फळीवर बांधा, निम्मी पाण्याने भरा, पाण्यात थोडी शाई टाका. मधल्या आकाराचा एक लाकडी पाइप सरळ वर उचलून बाजूला ठेवा, त्याच्या भोकात बुचातून नळीचं एक टोक बसवा, ती खुंटी ओढा आणि ती पट्टी दाबा. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. त्या काळच्या इंग्रजी देवळांच्या ऑर्गनला साधारण 65 ते 90 मिलिमीटर दाब असे. तुमचा 40 आला तर दमेकरी सुरांचं कारण सापडलं. धातूचे पाइप यासाठी काढू नका. ते शिसं आणि कथलाचे असतात, इतके मऊ की मुठीने आवळले तरी चेपतात.

न थांबणारे सूर: एक एक खुंटी ओढून बघा. ज्या खुंट्या ओढाल त्या सगळ्यांतून तो सूर वाजत असेल तर झडप उघडी राहिली आहे. खाली कचरा, मेलेला किडा, उंदराने कुरतडलेलं फेल्ट किंवा पावसाळ्यात फुगून अडकलेली पट्टी, यांपैकी काहीतरी असतं. झडपेपर्यंत पोचायला हवापेटीची (पाइप ज्या लाकडी पेटीवर उभे असतात तिची) पुढची लांब फळी काढावी लागते आणि काम बहुधा चिमट्याने होतं. पण एखादी पट्टी दाबल्यावर तिच्या सुराबरोबर शेजारचा सूरही क्षीणपणे कण्हत असेल, तर मात्र कपाळाला आठ्या पडू द्या. हवापेटीच्या आतल्या दोन घरांमधली (प्रत्येक सुराला हवेचं एक घर) लाकडी भिंत किंवा वरचा पाट तडकलाय आणि हवा शेजारच्या घरात शिरतेय. संपूर्ण ऑर्गनमधलं हे सगळ्यांत महागडं दुखणं. डिजिटलचा विचार गंभीरपणे करायचा तो हे दुखणं पुष्कळ घरांत सापडलं तर.

म्हणूनच ही तपासणी दोनदा करा, एप्रिल-मे मध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये. कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं, तडे उघडतात, सूर शेजारी झिरपतात. पावसाळ्यात तेच लाकूड फुगून तडे मिटवतं, पण पट्ट्या आणि सरकपट्ट्या आवळते. फक्त पावसाळ्यात पाहणाऱ्याला हवापेटी धडधाकट वाटते आणि फक्त उन्हाळ्यात पाहणाऱ्याला ऑर्गन मोडीत निघालेला वाटतो. तुमच्या पंचांमधले दोन तट कदाचित दोन ऋतूंचे असतील!

त्याच वेळी पट्टीपासून झडपेपर्यंत निरोप कसा जातो ते पाहा. कीबोर्डमागे पातळ लाकडी पट्ट्यांचं आणि तारांचं जाळं दिसलं तर ऑर्गन पूर्ण यांत्रिक आहे, म्हणजे तुमचं नशीब चांगलं. सुतारकाम ज्याला येतं त्याला ते दुरुस्त करता येतं. त्याऐवजी बोटाएवढ्या जाडीच्या शिशाच्या नळ्यांचे जुडगे दिसले तर प्रत्येक सुरासाठी आत कातड्याचा एक छोटा फुगा आहे. असे शेकडो फुगे बदलावे लागतील, आणि खर्चाचं गणित तिथेच फिरेल.

पाइप मोजा. 56 पट्ट्यांचे कीबोर्ड आणि पायाखाली 30 पट्ट्या धरल्या, तर वरच्या 8 खुंट्यांचे 448 आणि पायाच्या एका खुंटीचे 30, मिळून 478. प्रत्यक्षात थोडे कमी भरतील, कारण एखाद्या खुंटीचे तळाचे 12 सूर शेजारच्या खुंटीकडून उसने घेतलेले असतात. शिवाय एखादी खुंटी दोन कीबोर्ड जोडणारी असली तर तिचे पाइपच नसतात. प्रत्येक ओळीचे फोटो काढा. पाइपांवर सुराचं अक्षर कोरलेलं असतं, ते टिपा. ही यादी पंचांच्या इतिवृत्तात लावून ठेवा, कारण उद्या कुणी पाइप उचलले तर किती होते हे सांगायला दुसरा कागद नसेल. आत वाळवीच्या मातीच्या रेघा आहेत का, वटवाघळांची घाण आहे का, उघड्या पाइपांत कुंभारीण माशीने घर केलंय का, हेही लिहा. वाळवीचं औषध जमिनीला आणि भिंतीला मारायचं, ऑर्गनच्या आत फवारणी नको. हाताळून झाल्यावर हात साबणाने धुवा. शिसं आहे, लहान मुलांना आत सोडू नका.

आपली हवा ऑर्गनला मानवत नाही, असं विक्रेते म्हणतात, ते अर्धंच खरं. मनिलाजवळ लास पिन्यास इथे दिएगो सेरा या पाद्रीने 1816 ते 1824 या काळात बांबूचा ऑर्गन बांधला. 1031 पाइपांपैकी 902 बांबूचे. मधे तो मोडकळीला आला, 1973 मध्ये दुरुस्तीसाठी जर्मनीत बॉनला गेला, 1975 मध्ये परत आला आणि वाजतोय. तिथली दमट हवा आपल्या कोकणाच्या तोडीची आहे. ऑर्गन हवेने मरतो त्याहून बिनवापराने आणि चुकीच्या दुरुस्तीने जास्त मरतो.

चुकीची दुरुस्ती म्हणजे काय, ते नेमकं सांगतो, कारण उत्साही मंडळी हे हमखास करतात. कातडं चिकटवायला फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद वापरला की पुढच्या वेळी तो निघत नाही, लाकूडच सोलून येतं. शिवाय असे गोंद आणि नवं प्लायवुड बंद जागेत आम्लाची वाफ सोडतात आणि ती शिशाला खाते. इथे जुना सरसच पाहिजे. रात्रभर पाण्यात भिजवायचा, भांड्यात भांडं ठेवून साधारण 60 अंशांवर पातळ करायचा, उकळू द्यायचा नाही. कोमट पाण्याने तो पुन्हा सुटतो. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा, पावसात सरस वाळण्याआधी बुरसतो. भात्याला रेक्झिन लावू नका, घडीवर चिरतं. मऊ पांढरं मेंढीचं कातडं लागतं. तड्यात एम-सील भरू नका. सरकपट्टीला तेल, ग्रीस काही नाही, ग्रॅफाइटची पूड चालते. आणि पाइपाचं तोंड, म्हणजे ती बारीक आडवी फट, पिन घालून साफ करायची नाही. एका ओरखड्याने त्या पाइपाचा आवाज कायमचा बदलतो. मऊ ब्रश, बस्स. धातूचे पाइप कोमट साबणपाण्याने धुवून पूर्ण वाळवता येतात, लाकडी पाइपांना पाणी लावायचं नाही.

सूर लावणं सगळ्यांत शेवटी. वारा स्थिर नसताना लावलेले सूर आठवडाभरात सुटतात.

कुणाकडून करून घ्यायचं? ऑर्गन बांधणारे कारागीर भारतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि पियानो ट्यूनर म्हणजे ऑर्गनवाला नव्हे. पण एक मधला रस्ता आहे. झडपांचं कातडं, फेल्ट, भात्याची ठिगळं ही कामं चांगला पेटी-कारागीर उत्तम करतो, तो रोज तेच करतो. त्याच्याकडे पाइपांचा आवाज आणि हवापेटीची चीर सोपवू नका. त्या दोन कामांसाठी ऑर्गनचा जाणकार पाहुणा म्हणून एकदा बोलवा, त्याच्याकडून लेखी अहवाल घ्या, आणि अहवालाची फी वेगळी द्या, म्हणजे दुरुस्तीचं काम मिळावं म्हणून तो अहवाल फुगवणार नाही. जाणकार शोधायला मुंबईत सेंट थॉमस कॅथीड्रल आणि होली नेम कॅथीड्रल इथे विचारा, दोन्हीकडे पाइप ऑर्गन आहेत. त्या निमित्ताने पंचांना एका रविवारी तिथे घेऊन जा. ज्यांनी पाइप ऑर्गन भरल्या देवळात ऐकलेलाच नाही त्यांनी त्यावर मत देणं बरं नाही.

आता तुमच्या मंडळीची खरी गोची, जी ना विक्रेत्याने सांगितली ना पंचांनी विचारली. सकाळी पेटी आहे. पाइपाचा सूर हवेच्या तापमानाबरोबर चढतो, दर अंशाला साधारण 3 सेंट (अर्ध्या स्वराचे 100 सेंट धरतात). 22 अंशांना 440 हर्ट्झवर लावलेला 'ए' (पेटीवरची पांढरी सहा) 34 अंशांना सुमारे 449 वर जातो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या एक तृतीयांशाइतका वर. पेटीचा पितळी सूर मात्र जागेवर राहतो, उलट किंचित उतरतोच. डिसेंबरात नाताळच्या गाण्यांना दोन्ही गळ्यात गळा घालतील, पण मेमध्ये दोन्ही एकत्र वाजवले तर कान किटतील. त्यात भर म्हणजे त्या काळचे पुष्कळ इंग्रजी ऑर्गन मुळातच चढ्या पट्टीला, 'ए' 452 हर्ट्झच्या आसपास धरून लावलेले असत. तुमचा तसा असेल तर पेटीशी तो कधीच जुळणार नाही. मोबाइलवरच्या ट्यूनरने मधला 'ए' तपासा आणि त्या वेळचं तापमान त्याच ओळीत लिहा, तापमानाशिवाय तो आकडा निरर्थक आहे.

म्हणून मराठी उपासना पेटी-तबल्यावरच राहू द्या, तिला ऑर्गनची गरज नाही. ना. वा. टिळकांची भजनं ऑर्गनवर चार स्वरांत बांधून वाजवली की ताल हरवतो आणि भजन मिशनच्या पोशाखात अवघडून उभं राहतं. ऑर्गन संध्याकाळच्या उपासनेसाठी, लग्नासाठी, दफनविधीसाठी, नाताळ-ईस्टरसाठी. वापर असा वाटून घेतला की पंचांतले निम्मे वाद मिटतात.

ऑर्गनमध्ये ओबो किंवा ट्रम्पेट नावाची खुंटी असेल तर तिच्या पाइपांत पितळी जीभ असते, आणि तीही उन्हाळ्यात जवळजवळ जागेवरच राहते. बाकीचे 400 पाइप चढलेले आणि ही एक ओळ खाली. अशा वेळी ती खुंटी बंद ठेवायची किंवा तेवढी एक ओळ लावून घ्यायची. तिच्यासाठी बाकीचे पाइप उतरवणारा 'तज्ज्ञ' भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

डिजिटलची बाजूही ऐका, कारण ती लंगडी नाही. अमेरिकेतल्या ॲलन कंपनीने पहिला डिजिटल ऑर्गन 1971 मध्ये बाजारात आणला, तेव्हापासून ही वाद्यं फार सुधारली. सूर हवामानाने हलत नाही, पेटीशी जुळवायला पट्टी खालीवर करता येते, आणि तुमच्या 17 वर्षांच्या मुलीला हेडफोन लावून रात्री पायांचा सराव करता येतो. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत वजनदार वाटतो. पायाच्या पट्ट्या साध्या कीबोर्डवर शिकता येत नाहीत. देऊळ लहान असतं, 80 माणसांचं, सिमेंटच्या स्लॅबचं, फॉल्स सीलिंगचं आणि पाइप ठेवायला जागाच नसती, तर एका ओळीत 'डिजिटल घ्या' म्हणून पत्र संपवलं असतं. पण तुमच्याकडे दगडी भिंती आहेत, लाकडी छत आहे आणि पाइप आधीच उभे आहेत.

तीन कीबोर्ड तर नकोतच. दोन पुरे, पायाखाली 30 किंवा 32 पट्ट्या पूर्ण मापाच्या. पैसे खुंट्यांच्या संख्येत घालू नका, स्पीकरमध्ये घाला. पाइप ऑर्गनमध्ये प्रत्येक सुराचं स्वतःचं तोंड असतं. डिजिटलमध्ये 20 सूर दोन स्पीकरमधून कोंबले की गढूळ गोळा होतो, आणि विक्रेता त्याला 'फुल साउंड' म्हणतो. किती स्वतंत्र चॅनल, किती स्पीकर, सबवूफर आहे का, हे लेखी मागा. 16 फुटी (म्हणजे पायाच्या खर्जातल्या) खुंटीचा सर्वांत खालचा सूर सुमारे 33 हर्ट्झचा असतो, आणि देवळातले भाषणाचे उभे कॉलम 100 हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुके असतात. म्हणून ऑर्गन माईकच्या ॲम्प्लिफायरला जोडून पैसे वाचवू नका. स्पीकर उंचावर, एकाच बाजूला, जुन्या पाइपांच्या जागेशेजारी असावेत. देवळाच्या दोन्ही भिंतींवर पसरलेले स्पीकर गाणाऱ्यांना गोंधळात टाकतात, आवाज कुठून येतोय ते कळत नाही.

चाचणी रिकाम्या देवळात घेऊ नका. रिकामं दगडी देऊळ कुठल्याही पेटाऱ्याला कॅथीड्रल बनवतं. 300 माणसं बसली की त्यांचे कपडे आवाज पितात. विक्रेत्याला रविवारी वाद्य आणायला सांगा, गीत सुरू असताना स्वतः शेवटच्या बाकावर बसा. मग सगळे गेल्यावर एकच सूर 20 सेकंद दाबून धरा. दर दोन-तीन सेकंदांनी तोच थरथराट फिरून येतोय असं वाटलं तर आतलं रेकॉर्डिंग आखूड आहे. सगळ्यांत खालचा पायाचा सूर वाजवून बघा, तो गुंजला पाहिजे, धापा टाकता कामा नये.

वीज हा डिजिटलचा खरा शत्रू. वेगळं अर्थिंग घ्या, न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज वायरमनकडून मोजून घ्या (दोन-तीन व्होल्टच्या वर नको), ऑनलाइन यूपीएस लावा, आणि वळवाच्या गडगडाटात प्लग काढून ठेवा. जनरेटरवर जाताना बसणारा झटका बोर्ड जाळतो. मागच्या झरोक्यांना बारीक जाळी लावा, पाल आत गेली की ती आणि बोर्ड दोघंही जातात. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तासभर चालू ठेवा, आतला दमटपणा जातो. इतकं सांभाळूनही 15-20 वर्षांनी सुटे बोर्ड मिळेनासे होतात. याउलट स्वित्झर्लंडमधल्या सिओनच्या वालेर देवळातला ऑर्गन सुमारे 1435 चा आहे आणि अजून वाजतो. पाइप ऑर्गनला जुना होण्याची मुभा आहे, सर्किटला नाही.

दोन्हींचं मिश्रण, थोडे पाइप आणि बाकी डिजिटल, हेही कुणी सुचवेल. उन्हाळ्यात पाइप चढतात, डिजिटल तिथेच राहतं, आणि दर उपासनेआधी कुणीतरी बटण फिरवून जुळवत बसायचं. तुमच्यासाठी नाही.

राहिला पाळकसाहेबांच्या खोलीतला पायऑर्गन. मराठी माणसाच्या कानाला 'ऑर्गन' म्हणजे खरं तर हाच, संगीत नाटकांच्या साथीत तो किती वर्षं घुमला. त्यात पाइप नाहीत, पेटीसारखेच पितळी सूर आहेत. पुष्कळसे असे ऑर्गन हवा बाहेर फेकत नाहीत, आत ओढतात, पण दुरुस्ती पेटीवाल्याच्या आवाक्यातली आहे. भात्याचं रबरी कापड बदलणं, झडपांचं कातडं, सूर एक एक ओढून मऊ ब्रशने झटकणं, पायट्यांचे पट्टे. 300 माणसांच्या गाण्याला तो पुरणार नाही, खालचा भरणा कमी पडतो, पण संध्याकाळच्या उपासनेचं वर्ष दीड वर्ष तो कीबोर्डपेक्षा देखण्या रीतीने निभावून नेईल. हे काम आधी करा. खर्च सगळ्यांत कमी आणि पंचांना सूर ऐकू येईल.

तेव्हा क्रम असा धरा: पायऑर्गन, मग मोटर आणि भाता, मग दोन ऋतूंची तपासणी, मग जाणकाराचा अहवाल. हवापेटी धड निघाली तर देणगी पाइप ऑर्गनवर, एका वेळी एक कीबोर्ड असं टप्प्याटप्प्याने. अनेक घरं तडकलेली निघाली, किंवा आत शिशाच्या नळ्या आणि कुजलेले फुगे निघाले, तर दोन कीबोर्डचा मध्यम डिजिटल घ्या. पण जुना ऑर्गन फळ्या लावून, जसा आहे तसा, पूर्ण ठेवा. त्याचा एकही पाइप भंगारात जाणार नाही असा ठराव करा. उद्या दुसरी पिढी आणि दुसरी देणगी येईल. मात्र कुठल्याही मार्गाने गेलात तरी डायोसीसची (धर्मप्रांताची) लेखी परवानगी आधी घ्या, आणि इमारत वारसा यादीत असेल तर त्या समितीचीही.

बाईंशी मोकळेपणाने बोला. देणगीचे दोन भाग करायला त्या तयार होतात का विचारा, चार हिस्से कामाला आणि एक हिस्सा मुदतठेवीत, ज्याच्या व्याजातून दरवर्षी नाताळाआधी सूर लावले जातील. यजमानांच्या नावाची पाटी लाकडी चौकटीवर लावता येईल. पाइपावर नको, धातू मऊ आहे आणि भोक पाडलेला पाइप बोलत नाही. आणि याच रकमेतली थोडी त्यांना मुलीच्या शिकवणीसाठीही वळवायची असेल तर नाही म्हणू नका.

विक्रेत्याने नेलेले ते दोन पाइप या आठवड्यातच परत मागवा, चिटणीस म्हणून सहीचं पत्र द्या आणि पोच घ्या. ते येईपर्यंत त्यांच्या रिकाम्या भोकांवर जाड कागदाची गोल चकती पातळ सरसाने चिकटवून ठेवा, नाहीतर ते सूर दाबल्यावर हवा तिथून फुसकन निघून जाईल आणि तपासणीत नसलेलं दुखणं दिसेल. पाइप परत आले की पिशवीतून काढून आडवे कपाटात टाकू नका. धातूचा लांब पाइप नीट आधाराशिवाय आडवा ठेवला की स्वतःच्याच वजनाने वाकू शकतो. चकती कोमट ओल्या फडक्याने काढा, पाइपावरचं अक्षर बघा आणि त्याच्या जागी उभा करा.